फोटोच्या कॉपीराइटची नोटीस दाखवून १४ हजार उकळले, गाडी-होमस्टेवाल्यांनी वाचा

खानापूर, निपाणी, बेळगाव भागात ज्यांची धंद्याची पेजं आहेत त्यांच्यासाठी लिहितोय. लांबलंय जरा.

माझा मामेभाऊ खानापूरला असतो, टेम्पो ट्रॅव्हलर आहे त्याची. हलशी, राजहंसगड, गोकाक अशा ट्रिपा मारतो. पावसाळ्यात गोकाकला पब्लिक तुटून पडतं म्हणून त्याने पेजवर धबधब्याचा एक भारी फोटो टाकला, त्यावर स्वतःचा मोबाईल नंबर आणि खाली कोपऱ्यात 'साभार - गूगल'. आता गूगल काय कॅमेरा घेऊन घटप्रभेच्या काठावर भिजत उभं होतं का, पण सगळेच लिहितात तसं यानेही लिहिलं.

तर व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ आली. वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, वकिलाची सही, सगळं इंग्रजीत. आमच्याकडे सरकारी कागद येतो तो कन्नडमधनं, तो कुणाकडनं तरी वाचून घ्यायची सवय असते, पण इंग्रजी नोटीस बघितली की वाचायच्या आधीच माणूस गार. मजकूर असा की हा फोटो आमच्या क्लायंटचा आहे, कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३, तीन वर्षं जेल, दोन लाख दंड, मिटवायचं असेल तर आज संध्याकाळपर्यंत १४,००० भरा. मागोमाग फोन, हिंदीत, एफआयआर टाईप करून तयार आहे म्हणे. यूपीआयवर नाव दिसत होतं कुठल्यातरी भलत्याच माणसाचं, ना वकिलाचं ना क्लायंटचं.

मला फोन आला तो सगळं झाल्यावर. "दादा, भरून सोडलो रे, पोलीस यतील म्हणत होता."

आणि दुसऱ्या दिवशी परत फोन, आता वर्षाची 'लायसन्स फी' म्हणून २२,००० पाहिजेत. तेव्हा कुठे मी मध्ये पडलो.

पहिल्यांदा तो फोटो गूगल लेन्सवर टाकला, फोटो नेटवर कुठे कुठे आहे ते त्यात कळतं. निघाला विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियावाल्यांच्या मोफत फोटोंच्या साठ्यात, कुणा हौशी फोटोग्राफरने स्वतः काढून टाकलेला, लायसन्स सीसी बाय-एसए ४.० (क्रिएटिव्ह कॉमन्स, अटी पाळून कुणीही वापरा असं लायसन्स, आवृत्ती ४.०). म्हणजे धंद्यासाठी वापरायलासुद्धा मोकळा, फक्त काढणाऱ्याचं नाव, लायसन्सचं नाव, आणि मूळ फोटोची व लायसन्सची लिंक द्यायची, फोटोत बदल केला असेल तर तसं सांगायचं आणि बदललेला फोटोही त्याच लायसन्सखाली ठेवायचा. मग मी त्या नोटीसवाल्याला म्हटलं, तुमच्या क्लायंटने कॅमेऱ्यातनं काढलेली मूळ फाईल पाठवा. त्याने पाठवली ती व्हॉट्सअ‍ॅपवर चेपलेली, छोटीशी, आणि उजव्या बाजूचा खडक कापलेला! कॉमन्सवर त्याच्या चौपट मोठी आणि अख्खी फाईल पडलेली आहे, तिथे कॅमेऱ्याचं मॉडेल आणि तारीखपण दिसते. क्लायंटचं नाव विचारलं तर म्हणतो कोर्टात बोलू, आणि ब्लॉक.

यात खरी मेख अशी की नोटिशीतलं कलम खोटं नव्हतं. कलम ६३ आहेच, सहा महिने ते तीन वर्षं आणि ५० हजार ते दोन लाख दंड. पण ते जाणूनबुजून केलेल्या चोरीला, आणि शिक्षा कोर्ट देतं, यूपीआयवाला नाही. याच कायद्यात कलम ६० पण आहे, कॉपीराइटच्या नावाने बिनबुडाची धमकी देणाऱ्यावर उलट आपण कोर्टात जाऊ शकतो. ते नोटिशीत कोण कशाला लिहील.

त्याला बोट शिरकवायला जागा मिळाली ती 'साभार - गूगल'मुळे. असल्या पोस्टी हे लोक शोधतच असणार, कारण फोटो कुणाचा हे टाकणाऱ्यालाच माहीत नसतं. आणि 'कॉपीराइट मोडायचा हेतू नाही' लिहून काही होत नाही. बातमी, परीक्षण, स्वतःच्या अभ्यासासाठी कायद्यात सूट आहे, टेम्पोच्या जाहिरातीला ती कोण देणार.

मग आम्ही पोस्ट दुरुस्त केली, नाव, लायसन्स, लिंक, 'फोटोवर नंबर टाकला आहे' अशी ओळ. ४.० लायसन्सात चूक कळल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर फोटो वापरायचा गेलेला हक्क आपोआप परत मिळतो. जुन्या २.० आणि ३.० मध्ये तशी सवलत नाही, आणि खरे फोटोग्राफरसुद्धा त्यावर पैसे मागतात, तेव्हा आलेली प्रत्येक नोटीस कचऱ्यात टाकू नका, खऱ्या वकिलाला दाखवा. लायसन्सात 'एनसी' (नॉन-कमर्शियल, धंद्यासाठी नाही) दिसलं तर धंद्याच्या पेजवर तो फोटो नकोच. आता भाऊ पॅसेंजरनी पाठवलेले फोटो टाकतो, पण ते सुद्धा काढणाऱ्याचेच असतात, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर 'टाकू का' विचारून 'हो' आलं की मगच.

पैशाचं म्हणाल तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० नंबरवर फोन केला, सायबरक्राईम पोर्टलवर तक्रार टाकली, नंबर मिळालाय, पैसे आलेले नाहीत. तो फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आधी, आम्ही केला तोवर रात्र मध्ये गेली होती. निपाणीच्या एका होमस्टेवाल्यालापण हीच पीडीएफ आलीय, फक्त फोटो वेगळा. तुम्हाला आली असेल तर चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट, यूपीआय आयडी आणि ट्रान्झॅक्शन नंबर ठेवा, तक्रारीत ते सगळं मागतात.