सिनेगॉगच्या सुरक्षेसाठी अमेरिकी सरकारचं अनुदान: योजना कशी आहे, अर्ज कुठे अडतो

मे २०२३मध्ये अमेरिकेने ज्यूद्वेषाविरुद्धचं पहिलं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं. त्यात सरकारी खात्यांना शंभरावर कामं नेमून दिली होती. पण एखाद्या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, विश्वस्तांना हाताशी धरता येईल अशी गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची आहे. ज्यू संस्थांच्या पाठपुराव्यामुळे २००५मध्ये सुरू झालेला आणि आता सर्वच धर्मांच्या संस्थांना खुला असलेला 'नॉनप्रॉफिट सिक्युरिटी ग्रँट प्रोग्रॅम' म्हणजे ती गोष्ट. ही योजना 'फेमा' ही अमेरिकी सरकारची आपत्ती व्यवस्थापन संस्था चालवते. कॅमेरे, भक्कम दारं, कुंपण, दिवे, कंत्राटी पहारेकरी, प्रशिक्षण अशा खर्चासाठी पैसे मिळतात आणि संस्थेला स्वतःचा हिस्सा घालावा लागत नाही. माझ्याकडून या योजनेला पाचपैकी साडेतीन तारे. कापलेल्या दीड ताऱ्याचं कारण पुढे येईलच.

तरतूद २०२०मध्ये ९ कोटी डॉलर होती, २०२३मध्ये ३०.५ कोटी आणि २०२४मध्ये ४५.४५ कोटी झाली. एका जागेसाठीची कमाल रक्कम २०२३मध्ये दीड लाख डॉलर होती, २०२४मध्ये दोन लाख. तरीही २०२३मध्ये साधारण ४२ टक्के अर्जच मंजूर झाले, म्हणून अर्ज नीट करणं हे निम्मं काम आहे.

अर्ज थेट फेमाकडे जात नाही, राज्य सरकारने नेमलेल्या कार्यालयामार्फत जातो. त्या कार्यालयाची मुदत फेमाच्या मुदतीच्या आधी संपते आणि हातात अनेकदा जेमतेम दोन-तीन आठवडे असतात. फेमाची तारीख डोळ्यांसमोर ठेवून बसलेल्या संस्था इथेच चुकतात. म्हणून घोषणेची वाट न बघता संस्थेचं उद्दिष्टपत्र आणि इमारतीच्या कच्च्या दुव्यांचा अहवाल तयार ठेवावा, आणि सरकारी 'सॅम' संकेतस्थळावरून यूईआय हा संस्थेचा ओळख क्रमांक काढून घ्यावा. हा क्रमांक फुकट मिळतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्या ईमेलना उत्तर देऊ नये. अहवालासाठीही खर्च करायची गरज नाही, 'सीसा' या सरकारी संस्थेचे सल्लागार विनामूल्य येऊन इमारत पाहून जातात.

खरा कस लागतो तो 'इन्व्हेस्टमेंट जस्टिफिकेशन' या फॉर्मवर. धोका, कच्चे दुवे आणि हल्ला झाल्यास होणारं नुकसान, तिन्ही वेगवेगळं लिहावं लागतं. धोक्याच्या रकान्यात 'ज्यूद्वेष वाढतो आहे' एवढंच लिहिलं तर गुण मिळत नाहीत. आपल्या जागेला आलेल्या धमक्या, भिंतीवर रंगवलेली नाझी स्वस्तिकं, पोलिसांकडे केलेल्या तक्रारी तारखांसह द्याव्या लागतात. आपल्याच विचाराच्या संस्थेवर देशात वा देशाबाहेर झालेला हल्लाही इथे नोंदवता येतो. म्हणजे अमेरिकेतल्या खबाद या ज्यू पंथाच्या एखाद्या केंद्राला मुंबईतल्या खबादच्याच नरिमन हाउसवरचा २००८चा हल्ला इथे मांडता येतो.

त्यानंतर मागितलेली प्रत्येक वस्तू अहवालातल्या एकेका कच्च्या दुव्याशी जोडायची. 'पार्किंगकडचं दार आतून दिसत नाही आणि त्याचं कुलूप जुनं आहे, म्हणून तिथे नवं दार आणि एक कॅमेरा' असं लिहिलेला अर्ज तरतो. 'सोळा कॅमेरे' एवढंच लिहिलेला अर्ज मागे पडतो. वस्तू फेमाच्या मान्य यादीतली हवी. धार्मिक संस्थांचे गुण तिप्पट धरले जातात, शैक्षणिक आणि वैद्यकीय संस्थांचे दुप्पट.

वस्तू निवडताना सिनेगॉगचा वापर कसा होतो, हे कंत्राटदारांच्या लक्षात येत नाही. पिट्सबर्ग (२७ ऑक्टोबर २०१८, ११ मृत्यू), पॉवे (२७ एप्रिल २०१९) आणि कॉलीव्हिल (१५ जानेवारी २०२२) हे अमेरिकेतल्या सिनेगॉगवरचे तिन्ही हल्ले शनिवारी झाले. शनिवार म्हणजे शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस. कर्मठ ज्यू त्या दिवशी विजेचं उपकरण चालवत नाहीत, त्यामुळे कार्ड दाखवून उघडणारं महागडं दार सर्वांत जोखमीच्या दिवशीच उघडं अडकवून ठेवलं जातं. अशा ठिकाणी बटणांचं यांत्रिक कुलूप आणि दाराशी माणूस हवा. काचेवरची सुरक्षा फिल्म गोळी अडवत नाही. ती फुटलेली काच धरून ठेवते आणि आत शिरणाऱ्याला थोडा वेळ रोखते. पण फिल्मची कड चौकटीला सिलिकॉनने वा पट्टीने पक्की केलेली नसेल, तर अख्खी काच एकसंध आत पडते. कोटेशनमध्ये ही जोडणी आहे ना, ते आधी पाहावं. कॅमेरे हिकव्हिजन वा दाहुआचे असतील तर पैसे मिळणार नाहीत, कारण संघीय निधीतून ते घ्यायला कायद्याने बंदी आहे. दुसऱ्या ब्रँडच्या नावाखाली आत त्यांचाच माल नाही ना, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावं.

प्रशिक्षणाचा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात. कॉलीव्हिलमध्ये तासन्‌तास ओलीस राहिलेल्या रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) हल्लेखोरावर खुर्ची फेकली आणि सोबतच्यांना घेऊन दारातून पळ काढला. सुटकेचं श्रेय त्यांनी आधी घेतलेल्या सुरक्षा प्रशिक्षणाला दिलं. दारा-कॅमेऱ्यांच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे, तो अर्जात असायलाच हवा.

आता दीड ताऱ्याचं. पूर्ण एक तारा कापला तो आधी खर्च, मग परतफेड या पद्धतीसाठी. लाखभर डॉलर काही महिने बाहेर अडकवणं छोट्या सिनेगॉगला झेपत नाही आणि खरी गरज बहुतेकदा तिथेच असते. त्यात मंजुरीच्या आधी केलेला खर्च मिळत नाही. भिंतीला भोक पाडण्याइतक्या कामालाही पर्यावरण व वारसा तपासणीची परवानगी आधी लागते. कंत्राटदाराने घाईने काम सुरू केलं तर त्या कामाची रक्कम बुडते. परवानगीच्या अर्जाला कॅमेरा नेमका कुठे बसणार ते खुणा केलेल्या फोटोंवर दाखवावं, म्हणजे कागद परत येत नाहीत.

उरलेला अर्धा तारा दिरंगाईसाठी. पॉवेच्या खबाद केंद्राने २०१८मध्ये अर्ज केला होता, सप्टेंबरमध्ये मंजुरीही मिळाली होती. पैसे आले मार्च २०१९च्या अखेरीस. साधारण महिन्याभराने बंदूकधारी आत शिरला आणि एका महिलेचा जीव गेला, तेव्हा दारांचं काम व्हायचंच होतं. एवढं घडूनही गती फारशी सुधारलेली नाही. मार्च २०२५मध्ये फेमाने आढाव्यासाठी निधी रोखला आणि खर्च करून बसलेल्या संस्था ताटकळत राहिल्या. हे अक्षम्य आहे. म्हणून पैसे येईपर्यंत दार आतून बंद ठेवणं, ओळख पटल्यावरच उघडणं, दाराशी पाळीपाळीने माणूस बसवणं, हे बिनखर्चाचे उपाय लगेच सुरू करावेत.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या मंदिरांनाही हा अर्ज करता येतो, मात्र संस्था करमुक्त ना-नफा हवी आणि अर्जाच्या वेळी त्याच जागेतून तिचं काम चालू असायला हवं. भाड्याच्या इमारतीत बदल करायचे तर मालकाची संमती लागेल. गणेशोत्सवापुरता शाळेचा हॉल घेणारं मंडळ या निकषात बसत नाही. सीसाच्या सल्लागाराकडून जागेची विनामूल्य पाहणी मात्र अनुदानाचा अर्ज न करताही मागता येते.