पडून राहिलेले कपडे: फाडायचे की द्यायचे?

भिवंडीच्या गोदामात दोन-तीन सीझन पडून असलेला तयार माल मार्चच्या आत हलवायचा असेल, तर वाटा दोनच उरतात: फाडून चिंधी करणं किंवा सेवाभावी संस्थेला देऊन टाकणं. लॉटवाल्याला किलोवर विकणं ही तिसरी वाट आहेच, पण आपल्या लेबलचा शर्ट महिन्याभरात मुंबईत लिंकिंग रोडच्या फुटपाथवर टांगलेला दिसेल या धास्तीने बहुतेकांनी ती आधीच खोडलेली असते. दोन्ही वाटा हाताळल्यावर माझं माप देण्याकडे झुकलं आहे. पण हे फक्त कपड्यांपुरतं. मुदत संपलेले खाद्यपदार्थ, औषधं, क्रीम-पावडरी यांना नष्ट करण्यावाचून पर्याय नाही. बिघडलेली इलेक्ट्रॉनिक वस्तू टाकायची झाली तर २०२२ च्या ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्ती करणारा किंवा रिसायकलर यांच्याकडेच पाठवावी लागते.

आधी कराचं बघू, कारण माल नष्ट केला की जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) वाचतं असं अजूनही बरेच जण धरून चालतात. तसं नाही. सीजीएसटी (केंद्रीय जीएसटी) कायद्याच्या कलम १७(५)(एच) मध्ये नष्ट केलेला, राइट-ऑफ केलेला आणि भेट म्हणून दिलेला माल एकाच ओळीत बसवला आहे. फाडा नाहीतर द्या, त्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट परत करायचंच, आणि जीएसटीच्या ३बी विवरणपत्रात ते ४(बी)(१) ला दाखवायचं. प्राप्तिकरात मात्र फरक पडतो. नष्ट केलेला माल नीट पुरावा असेल तर तोटा म्हणून दाखवता येतो. ८०जी म्हणून ओळखली जाणारी देणगीवरची सवलत पैशांच्या दानाला आहे, वस्तूंच्या दानाला नाही. मोठ्या कंपन्यांना सामाजिक कामावर (सीएसआर) खर्चाव्या लागणाऱ्या नफ्याच्या दोन टक्क्यांतही वस्तूंची किंमत लावून धरता येत नाही. इथे फाडण्याचं पारडं जड आहे, हे मान्य करायला हवं. नफा मोठा असेल तर सीएकडून आकडा काढून घ्या आणि मगच पुढचं वाचा.

माझ्या मते निकाल लागतो तो बटणांवर.

शर्ट फाडणीच्या यंत्रात जसाच्या तसा जात नाही. बटण, झिप, हुक, रिव्हेट, काहीही आत गेलं तरी यंत्राचे दात मोडतात, आणि धातूची ठिणगी कापसाच्या उडत्या तंतूंवर पडली तर आग लागते. म्हणून चिंधीवाला माल साफ करून मागतो. फुल शर्टाला पुढची सात आणि कफांची दोन-चार धरली तर दहाएक बटणं होतात. हजार शर्टांची दहा हजार. एकेक बटण तोडत कुणी बसत नाही, अख्खी बटणपट्टी आणि दोन्ही कफ कात्रीने कापून बाजूला टाकतात. कॉलरमध्ये चिकटवलेलं अस्तर असतं, म्हणून तीही जाते. जीन्सचं काम आणखी चिवट: झिप, कमरेचं बटण, खिशांच्या कोपऱ्यांतले रिव्हेट काढता काढता शेवटी दोन पायच हातात राहतात. शिवाय सुती वेगळं, पॉलिएस्टर मिसळलेलं वेगळं, एलॅस्टिकवालं वेगळं. एका शर्टाला चार-पाच ठिकाणी कात्री लावायची आणि एवढ्या मजुरीनंतर हातात येतो तो चिंधीचा भाव. द्यायचं ठरवलं तर त्याच शर्टाला कात्री एकदाच लागते, मानेमागच्या लेबलला.

बरं, एवढं करून माल नष्ट केल्याच्या दाखल्याचा भरवसा नाही. न कापलेली कार्टन टेम्पोत चढली की नष्ट केल्याचा कागद एका दिशेला आणि माल दुसऱ्या दिशेला जाऊ शकतो. आपला माणूस शेवटची गोणी कापून होईपर्यंत उभा असेल तरच त्या दाखल्याला अर्थ. म्हणजे माल बाजारात फुटण्याची भीती दोन्हीकडे सारखीच. जाळण्याचा विचारही नको: उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाची २०१६ पासून मनाई आहे, आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई द्यावी लागते.

देण्यातली कटकट वेगळी आहे. लेबल उसवू नका, कॉलरला भोकं पडतात. टाक्यालगत आडवं कापा. साइझचं आणि वॉशकेअरचं लेबल राहू द्या, संस्थेला वर्गवारीसाठी ते लागतं. हँगटॅग आणि एमआरपीचं स्टिकर काढा. छातीवर भरतकामाचा लोगो असेल तर खरी अडचण, कारण धागे उसवले की कापड विरतं. वर पट्टी शिवायची किंवा तेवढे पीस फाडणीला काढायचे. टाका सुटलेला, शेडमध्ये फरक असलेला, बटण तुटलेला माल बिनधास्त द्यावा. सुई तुटून आत राहिल्याचा संशय असलेला लॉट आणि टिचबटणं निघून येणारे लहान बाळांचे कपडे कधीच देऊ नयेत, ते फाडायचेच.

कागद थोडेच लागतात. नगांची संख्या आणि ‘विक्रीसाठी नाही’ ही अट लिहिलेलं संस्थेचं पत्र, डिलिव्हरी चलन, आणि स्टॉक रजिस्टरमध्ये भेट म्हणून वेगळी नोंद. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मालाची किंमत एक लाखाच्या वर गेली की ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन काढायचा जीएसटीचा कागद). टेम्पो नाक्यावर अडकतो तो बहुधा याच एका कागदासाठी.

एक्सपोर्टचा रिजेक्ट माल असेल तर करार आधी काढून वाचा. बऱ्याच बायरांच्या करारात माल नष्ट करण्याची अट असते. तरीही लेबल कापून देण्याची लेखी परवानगी मागावी. आता ती मिळण्याची शक्यता जास्त वाटते. २८.६ दशलक्ष पौंडांचा माल एका वर्षात नष्ट केल्याचं उघड झाल्यावर बर्बेरी या ब्रिटिश फॅशन कंपनीने २०१८ मध्ये ती पद्धत थांबवली. न विकलेले कपडे आणि पादत्राणं नष्ट करायला युरोपीय संघात मोठ्या कंपन्यांना १९ जुलै २०२६ पासून बंदी आहे. तो नियम भिवंडीतल्या गोदामाला लागत नाही, पण बायरच्या ऑफिसात तो सगळ्यांना माहीत असतो.

संस्थेला फोन करण्याआधी साइझप्रमाणे यादी करा. पडून राहतात ते बहुतेक एक्सएस आणि डबल एक्सएल, आणि सहाशे डबल एक्सएल पार्टी शर्ट कुणालाच नको असतात. गूंजसारख्या, कपडे गोळा करून गरजूंपर्यंत पोचवणाऱ्या संस्था कपडा वर्षभर फिरवतात, तरी आधी विचारून, रोजच्या वापराचा माल वर ठेवून पाठवा. आणि पावसाच्या आधी पाठवा. जूनमध्ये कार्टनचा तळ ओलावला की खालच्या थरावर बुरशीचे काळे ठिपके येतात. ते धुऊन जात नाहीत, आणि मग तो थर चिंधीवाल्याकडेच जातो, बटणं काढून.