उपग्रहाचं किट: कापणी चोख, रॉकेट भलतंच

बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या एका दुकानातून नातीसाठी 'नॅव्हिक उपग्रह बांधा' हे लाकडी किट घेतलं, साडेचारशे रुपयांना. (नॅव्हिक म्हणजे जीपीएससारखी वाट दाखवणारी आपली स्वतःची उपग्रहमालिका.) कापणीबद्दल आधी बोलतो, कारण मकरपुऱ्याच्या टूलरूममध्ये माझी उभी हयात गेली आहे. तीन मिलिमीटरचा एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, लेसरने कापलेला. कडा जरा जळक्या आहेत, बोटं काळी होतात, पण एकाही खाचेला कानस लावावी लागली नाही. उपग्रहाचे दोन्ही सौरपंख झकास उघडमीट होतात. रॉकेटच्या टोकाला उपग्रह झाकणारं जे कवच असतं, त्या हीट शील्डचे दोन अर्धे मात्र इतके घट्ट की सुरी घालून उघडावे लागतात. (ऑगस्ट २०१७ मध्ये पीएसएलव्ही-सी३९ या रॉकेटचं हीट शील्ड खरोखरच उघडलं नाही आणि आयआरएनएसएस-१एच हा नॅव्हिकचाच उपग्रह आतच अडकला. किटवाल्यांनी इतकं अस्सल करायची काही गरज नव्हती.)

खरी तक्रार वेगळीच. उपग्रहावर नाव एनव्हीएस-०१, आणि रॉकेटला बूस्टर, म्हणजे बाजूला जोडलेली जोर देणारी छोटी रॉकेटं, सहा! अहो, सहा बूस्टरवालं ते पीएसएलव्ही-एक्सएल. त्याने नेले ते पहिल्या पिढीचे, सव्वाचौदाशे किलोच्या आसपासचे उपग्रह. एनव्हीएस-०१ भरला २,२३२ किलो. तो २९ मे २०२३ ला श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही-एफ१२ ने गेला. त्याला बाजूला चार बूस्टर, तेही द्रवइंधनाचे, आणि वरचा टप्पा क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रवइंधनावर चालणारा. सोबतच्या पत्रकात क्रायोजेनिकचा 'क्र'सुद्धा नाही.

आणि घड्याळाचं काय? दिशादर्शक उपग्रहाचा सगळा जीव त्याच्या घड्याळात. वेळ एका मायक्रोसेकंदाने चुकली की अंतर ३०० मीटरने चुकलं. मांडवीला निघालेला माणूस भलत्याच गल्लीत शिरायचा. पहिल्या पिढीतल्या आयआरएनएसएस-१ए ची तिन्ही रुबिडियम घड्याळं (रुबिडियमच्या अणूंवर चालणारी अचूक घड्याळं) बंद पडली आणि वर गेलेला उपग्रह ठावठिकाणा सांगायच्या कामातून गेला. ती घड्याळं परदेशी होती. आपलं रुबिडियम घड्याळ पहिल्यांदा बसलं ते याच एनव्हीएस-०१ वर, आणि ते घडवलं आपल्या शेजारी अहमदाबादला, स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमध्ये. बडोद्यात विकायला ठेवलेल्या किटात त्याचा एखादा तुकडा, निदान एक ओळ तरी नको?

लाकूडकामाला पाचपैकी साडेचार, पत्रकाला दीड. मुलांना घेऊन बसायला वेळ असेल तर जरूर घ्या, पण माहिती तुम्हीच सांगा. आणि येताना फेविकॉल घेऊन या. पाकिटातला गोंद वाळूनच आलेला असतो.