कॉम्प्रेशन टेस्टचे आकडे समजावून सांगणारे गॅरेज

दोन लाख किलोमीटर धावलेल्या माझ्या चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीचे इंजिन खोलावेच लागेल, असे एका ठिकाणी नुसता आवाज ऐकून सांगितले गेल्यावर मी या लहान गॅरेजात कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो याची चाचणी, करून घेतली. इंजिन गरम असताना, चारही स्पार्क प्लग काढून आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून घेतलेले आकडे 160, 155, 110 आणि 158 पीएसआय (दाबाचे एकक) आले. तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडताच काटा 145 पर्यंत चढला, म्हणजे झीज बहुधा पिस्टनभोवतीच्या रिंगांची, कारण ऑइलने त्यांची फट तात्पुरती बुजते. तो जागचा हलला नसता तर संशय व्हॉल्व्हवर किंवा हेड गॅस्केटवर गेला असता, हे मिस्त्रींनी न विचारता समजावले. आकड्यांची लेखी नोंद मात्र मागून घ्यावी लागली.