अलिगेटर मागितला, म्हशीचा मिळाला (आणि तेच बरं झालं): वाशीतलं घड्याळपट्ट्यांचं दुकान

वाशीच्या सेक्टर 17 मध्ये मोबाईलच्या दोन झगमगीत दुकानांमध्ये चेपलेलं घड्याळपट्ट्यांचं एक दुकान आहे. पाटीवरची अक्षरं अर्धी उडालीत, पण काचेत पट्ट्यांच्या माळा लटकलेल्या दिसल्या की तेच. माझ्याकडून पाचपैकी साडेचार तारे.

नवऱ्याच्या घड्याळाचा पट्टा खऱ्या अलिगेटरचा, म्हणजे मगरीच्या अमेरिकेतल्या चुलतभावाच्या कातड्याचा होता. माझा दादा अमेरिकेत लुइझियानात, बॅटन रूजला असतो. घड्याळ त्याने दिलेलं. नवी मुंबईचा घाम त्या पट्ट्याला काही मानवला नाही. अस्तर काळं पडलं, वास यायला लागला, बकलजवळ भेग गेली. आधी एका मॉलमध्ये विचारलं, तर तिथल्या पोराने ‘जेन्युइन अलिगेटर’ असा शिक्का मारलेला पट्टा बाराशे रुपयांना पुढे सरकवला. मी न्हावा-शेव्याला क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात काम करते, दिवसभर आयातीचे कागद चाळते. बाराशेत अलिगेटर म्हटल्यावर हसूच आलं.

वाशीच्या काकांनी जुना पट्टा हातात घेतला, डोळ्याला भिंग लावलं, मग भिंग माझ्याकडे दिलं. “ताई, प्रत्येक खवल्याच्या कडेला सुईने टोचल्यासारखा ठिपका दिसतोय का? नाही ना? मगरीच्या पोटाच्या कातड्यावर असतो, अलिगेटरच्या नसतो.” मग स्वतःच्या काचेतला पट्टा काढून दुमडला. वरची नक्षी एकसारखी, तोच चौकोन पुन्हा पुन्हा, आणि दुमडल्यावर खाच मोडत नाही, नुसती ताणली जाते. “हा म्हशीचा. वर छाप मारलाय. मगर म्हणून विकत नाही मी.” खरा का ठेवत नाही विचारलं तर म्हणाले, “कागद कोण सांभाळणार?”

कागद हा माझा विषय, म्हणून इथे जरा पाल्हाळ लावते. लुइझियानात बेसुमार शिकारीने अलिगेटर इतके घटले की 1962 मध्ये राज्याने शिकारच बंद केली. 1967 मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या संकटग्रस्त यादीतही नाव गेलं. संख्या सावरल्यावर 1972 मध्ये फक्त कॅमेरॉन पॅरिश या एका जिल्ह्यात शिकार परत सुरू केली, 1981 मध्ये सगळ्या राज्यात. 1987 मध्ये अलिगेटर सावरल्याचं केंद्राने जाहीर केलं, तरी लगाम सोडला नाही, कारण सोललेलं कातडं दुर्मीळ मगरीच्या कातड्यासारखं दिसतं आणि एकाच्या नावावर दुसरं सहज खपवता येतं. आमच्या धंद्यात याचं नवल वाटत नाही.

दादाच्या ऑफिसातल्या एकाच्या घरची तिकडे दलदल आहे. राज्याचं वन्यजीव खातं दलदल किती आणि कशी आहे ते बघून त्या घराला टॅग देतं. जितके टॅग तितकेच अलिगेटर, एक जास्त नाही. गळ लावले की रोज जाऊन तपासायचे. जनावर मारलं की लगेच टॅग शेपटीच्या टोकाजवळ अडकवायचा. कातडं देशाबाहेर जाताना सायटीस कराराचा (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) टॅग असतो, त्यावर देश, प्रजाती, वर्ष आणि क्रमांक. शिवाय जंगलातल्या घरट्यांतली अंडी परवानगीने गोळा करून फार्मवर उबवतात. त्यातली ठरावीक पिल्लं तीन ते पाच फुटांची झाली की परत दलदलीत सोडावीच लागतात. अंड्यांचे पैसे जमीनमालकाला मिळतात.

मला सगळ्यात पटलं ते हे शेवटचं. शिकार बघवणार नाही मला, पण तिथे दलदल आहे तशी ठेवली तर मालकाच्या हातात चार पैसे येतात. आमच्या उरणकडे पाणथळीला भाव येतो तो भराव पडल्यावर.

आपल्याकडच्या मगरीचं मात्र असलं काही नाही. वाशिष्ठीतली असो की सांगलीच्या कृष्णेतली, 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिच्या कातड्याचा धंदा म्हणजे थेट तुरुंगाची वाट. कोणी ‘देशी मगरीचा पट्टा’ दाखवला तर एकतर तो छाप आहे, नाहीतर गुन्हा.

असो, दुकानाकडे वळते. म्हशीचा गडद तपकिरी पट्टा साडेसहाशेला घेतला. काकांनी जुनं बकल काढून त्यालाच बसवलं, पिना नवीन टाकल्या, मनगटाच्या मापाने एक भोक जास्त पाडून दिलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. शिलाई सरळ आहे, कडेचा रंग अजून उडालेला नाही. चामडं सुरुवातीला कडक लागतं, आठवडाभरात मऊ पडतं.

अर्धा तारा कापला तो रंगांसाठी. काळा, तपकिरी आणि एक भयंकर टॅन, संपलं. बायकांच्या बारीक घड्याळांना लागणारे पट्टे तर नावालाच. दुपारी दोन ते चार शटर खाली असतं आणि फोन उचलत नाहीत, तेव्हा संध्याकाळीच जा. आणि जून ते सप्टेंबर चामडं घेऊच नका असं काका स्वतःच सांगतात. नायलॉनचा पट्टा दीडशेला आहे, तो चालवा.