धाब्याचं वॉटरप्रूफिंग : एक पावसाळा आणि एक उत्तरायण झाल्यावर

वडोदऱ्यात दांडिया बाजाराकडच्या आमच्या जुन्या घराच्या धाब्याचं, म्हणजे गच्चीचं, काम मे २०२४ मध्ये करून घेतलं. ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचं पाणी शहरात घुसलं, तेव्हा खाली काय होतंय याचीच धास्ती होती. वरच्या खोलीचं छत मात्र कोरडं ठणठणीत. मग उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांना, दोन दिवस सगळा गोतावळा धाब्यावर. म्हणून आत्ता लिहितेय. वॉटरप्रूफिंगबद्दल पावसाआधी केलेल्या कौतुकाला काडीची किंमत नसते.

आधी कोणाला काम दिलं नाही ते सांगते. एप्रिल लागला की दारावर माणसं येतात : "बाजूच्या सोसायटीत काम चालू आहे, केमिकल उरलंय, आजच्या आज अर्ध्या भावात करून देतो." सरळ दार लावून घ्यावं. दुसरे दर कमी सांगतात आणि मापात वसूल करतात. कठडा आतून-बाहेरून, टाकीखालचा ओटा, सगळं फुटात धरतात. तिसरे म्हणतात, बिल नको, १८ टक्के जीएसटी वाचेल. मग ती दहा वर्षांची गॅरंटी काय हवेत लिहिणार? जीएसटी नंबर मागावा. पंधरा अक्षरी असतो, गुजरातचा २४ ने सुरू होतो, आणि सरकारी पोर्टलवर टाकला की नाव आणि नोंदणी चालू की रद्द ते दिसतं. आम्हाला मिळालेला एक नंबर रद्द झालेला निघाला.

ज्याला काम दिलं तो आल्या आल्या दर बोललाच नाही. आधी खालच्या खोलीत ओल कुठे उतरलीय ते पाहिलं, मग वर जाऊन चायना मोझॅकवर (फरशीच्या तुकड्यांच्या जुन्या थरावर) हातोडीच्या दांड्याने ठोकत फिरला. पोकळ वाजलं तिथे खडूने गोल. "भाई, सगळं उखडायला लागेल का हो?" आईने विचारलं. "ना बा, पोलुं छे एटलुं ज." म्हणजे पोकळ आहे तेवढंच. तिथेच आमचं ठरलं.

चिरा कापून भरल्या, कठडा स्लॅबला मिळतो तिथे गोलाई दिली, पाइपाच्या तोंडाशी फायबरची जाळी, वर वॉटरप्रूफिंगच्या केमिकलचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. डब्यांची सीलं आमच्यासमोर फोडली आणि रिकामे डबे काम संपेपर्यंत आम्ही ठेवून घेतले. डब्यावर किती चौरस फुटांना पुरतं ते छापलेलं असतं. डबे मोजले की माल किती लागला ते कळतं.

पैसे टप्प्याटप्प्याने : माल आल्यावर, हात मारून झाल्यावर, पाणी भरून ठेवल्यावर, आणि शेवटचे दहा टक्के दसऱ्याला. यावर तो बराच कुरकुरला, पण कबूल झाला. पाण्याची तोंडं बंद करून दोन इंच पाणी ४८ तास ठेवलं. जुन्या स्लॅबवर त्याहून जास्त भरू नये. दोन इंच म्हणजे चौरस मीटरला पन्नासेक किलो वजन होतं.

तक्रारी आहेतच. लग्नसराईत कारागीर दाहोदकडे गावी गेले आणि काम लांबलं. जुलैत जिन्याच्या उंबऱ्यापाशी ओल आली. फोनवर फोन केल्यावर आला, पण पैसे न घेता नीट करून गेला. ते दसऱ्याचे दहा टक्के नसते तर आला असता का, शंकाच आहे. पावसात वरचा थर घसरडा होतो, सासऱ्यांना एकटं वर सोडत नाही. उत्तरायणाला उंधियूचं लोखंडी टेबल कोणीतरी फरफटत नेलं, तिथे लांब ओरखडा पडलाय. तेवढ्या जागेवर तो होळीनंतर हात मारून देणार आहे, मालाचे पैसे आमचे.