पट्टी, पाळी, कोड की नशीब: एकच स्पेक्ट्रम अनेकांत वाटताना

स्वतःची वायरलेस यंत्रणा उभी करायला निघालेला माणूस पहिला प्रश्न हमखास विचारतो: कोणत्या पद्धतीत जास्तीत जास्त जण मावतील? तो प्रश्न जरा बाजूला ठेवा. स्पेक्ट्रम, म्हणजे रेडिओ वारंवारतांचा पट्टा, कसाही वाटला तरी वाटणीत काहीतरी वाया जातंच; फरक असतो तो कुठे वाया जातं यात. आधी हे पाहा की तुमची उपकरणं सतत बोलणार आहेत की दिवसातून चार वेळा, आणि त्यांना शिस्त लावणारं कोणी मध्ये बसलेलं आहे का.

सर्वांत जुनी वाटणी एफडीएमएची, म्हणजे ज्याची त्याची वारंवारता वेगळी. अमेरिकेत १९८३ मध्ये सुरू झालेल्या ॲम्प्स या ॲनालॉग मोबाइल सेवेत चॅनल ३० किलोहर्ट्झचे होते. यात घड्याळं जुळवावी लागत नाहीत, रेडिओ साधा राहतो. पण शेजारच्या चॅनलमध्ये आवाज सांडू नये म्हणून मध्ये मोकळी पट्टी सोडावी लागते, आणि बोलणारा गप्प बसला तरी त्याची पट्टी अडकूनच राहते.

टीडीएमएत सगळे एकाच वारंवारतेवर, पण पाळीपाळीने. जीएसएम या डिजिटल मोबाइल प्रणालीत २०० किलोहर्ट्झच्या एका वाहकावर (रेडिओ चॅनलवर) आठ पाळ्या असतात, प्रत्येक सुमारे ५७७ मायक्रोसेकंदांची. (जीएसएम वारंवारताही वाटतंच, एकच पद्धत निखळ वापरलेली फारशी सापडत नाही.) मोबाइल स्पीकरजवळ ठेवला की जी टर्रटर्र येई ती याच पाळ्यांची, फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा चालू-बंद होत असे. खरी अडचण अंतराची. लांबच्या फोनचा संदेश उशिरा पोचतो आणि पुढच्याच्या पाळीत घुसतो, म्हणून बेस स्टेशन, म्हणजे मोबाइलचा टॉवर, त्याला थोडं आधीच बोलायला लावतं. नेहमीच्या जीएसएममध्ये ही सोय सुमारे ३५ किलोमीटरला संपते, मग सिग्नल कितीही खणखणीत असो.

डिजिटल वॉकीटॉकी घेतानाही हाच सामना समोर येतो. वॉकीटॉकीच्या दोन मानकांपैकी डीपीएमआर ६.२५ किलोहर्ट्झचा अरुंद चॅनल देतं, तर डीएमआर १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनलमध्ये दोन पाळ्या पाडतं. हिशेब सारखाच. तरी मी डीएमआरकडे झुकतो, कारण एकाच रिपीटरवर (सिग्नल पुन्हा जोराने पुढे धाडणाऱ्या मधल्या केंद्रावर) दोन संभाषणं चालतात आणि सेट बोलतानाही निम्माच वेळ प्रक्षेपण करत असल्याने बॅटरी वाचते. मात्र रिपीटर नसेल, सेटवरून थेट सेटवरच बोलायचं असेल, तर पाळी सांगणारा कोणी उरत नाही आणि दोन संभाषणांचा फायदा बहुधा हातचा जातो.

सीडीएमएत सगळे एकाच वेळी, एकाच वारंवारतेवर बोलतात, ओळख पटते ती कोडवरून. ऐकायला हे सर्वांत देखणं. पण जवळचा जोरात बोलला की लांबचा त्यात बुडतो. म्हणून आयएस-९५ या मोबाइल प्रणालीत प्रत्येक फोनला आवाज, म्हणजे प्रक्षेपणाची ताकद, कमी-जास्त करण्याचा हुकूम सेकंदाला ८०० वेळा जाई, तर थ्रीजीच्या डब्ल्यू-सीडीएमएत १५०० वेळा. जीपीएसचे उपग्रह मात्र एकाच १५७५.४२ मेगाहर्ट्झवर गुण्यागोविंदाने नांदतात, कारण ते सगळेच हजारो किलोमीटर लांब असल्याने त्यांचे सिग्नल साधारण सारख्याच ताकदीने पोचतात. (रशियाच्या ग्लोनास या दिशादर्शन यंत्रणेने सुरुवातीला उपग्रहांना वेगवेगळ्या वारंवारता दिल्या, सीडीएमएचे सिग्नल नंतर आले.) तुमचे प्रेषक वाटेल तसे जवळ-लांब विखुरलेले असतील तर नव्या यंत्रणेसाठी मी सीडीएमए सुचवणार नाही.

ओएफडीएमए ही आजची मोठ्या नेटवर्कची वाटणी, वारंवारता आणि वेळ दोन्ही बारीक तुकड्यांत वाटणारी. एलटीईत (फोरजीत) १५ किलोहर्ट्झच्या बारा उपवाहकांचा, म्हणजे अरुंद पट्ट्यांचा, एक ठोकळा, आणि कोणाला किती ठोकळे याचा निर्णय दर मिलिसेकंदाला. वायफाय ६ मध्येही २० मेगाहर्ट्झचा चॅनल एका वेळी नऊ जणांत वाटता येतो. ही तयार विकत घ्यायची गोष्ट आहे, घरी बांधायची नाही.

उरले अधूनमधून बोलणारे सेन्सर. त्यांच्यासाठी पाळ्या राखून ठेवणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. हवाई विद्यापीठात १९७१ मध्ये सुरू झालेल्या अलोहा या रेडिओ नेटवर्कचा नियम सरळ होता: बोलायचं असेल तेव्हा बोला, टक्कर झाली तर पुन्हा बोला. अशा बेशिस्तीत चॅनलचा फार तर १८ टक्के वेळ कामी येतो. ठरलेल्या क्षणांनाच सुरुवात करायची असं बंधन घातलं तर ३७ टक्के. वायफायसारखं आधी ऐकून मग बोलणं बरं वाटतं खरं, पण गेटवेच्या (सेन्सरांचे संदेश गोळा करणाऱ्या केंद्राच्या) दोन बाजूंना असलेले सेन्सर एकमेकांना ऐकूच येत नसतील तर त्या सावधपणाचा उपयोग नाही.

लोरावॅन हे सेन्सरांसाठीचं लांब पल्ल्याचं, कमी विजेवर चालणारं नेटवर्क मुळात अलोहाच्याच वळणाचं आहे. एकाच चॅनलवर शंभर सेन्सर, प्रत्येकाचा तासाला एक सेकंदभराचा संदेश असं धरलं, तर शंभरातले पाचेक संदेश टकरीत सापडतात. हे चालून जातं. सेन्सर पाचशे केले की जवळजवळ चौथा हिस्सा सापडतो. तिथे आणखी चॅनल घ्या किंवा पाळ्यांकडे वळा. हा हिशेब सेन्सर आपापल्या वेळी बोलतात असं धरूनच आहे. वीज जाऊन आल्यावर सगळे एकदम जागे झाले तर तो कोलमडतो, तेव्हा चालू झाल्यावर पहिला संदेश धाडण्याआधी प्रत्येक सेन्सरने वेगवेगळा, यादृच्छिक वेळ थांबावं एवढी ओळ प्रोग्रॅममध्ये घालून ठेवा.